श्रीलंकेची ग्रुप टूर : ऑप्शनल सहली नाशिकमधूनच कशा ठरवायच्या

बारा-पंधरा जणांच्या छोट्या ग्रुपबरोबर श्रीलंकेला जायचं ठरलं की हातात आठवडाभराचा कार्यक्रम येतो. हॉटेल, गाडी, नाश्ता आणि काही ठिकाणं पॅकेजमध्ये असतात. खाली बारीक अक्षरांत ‘ऑप्शनल’ची यादी असते : जीप सफारी, देवमासे बघायची बोट, रेल्वेचा प्रवास, रामायणातली ठिकाणं, राफ्टिंग. यांचे पैसे वेगळे. पहिल्यांदा जाणारे बरेच जण ही यादी घरी वाचतच नाहीत. मग तिथे गाडीत टूर लीडर माइकवर विचारतो, “उद्या पहाटे सफारीला कोण कोण?” आणि शेजारच्याचा हात वर गेला म्हणून आपलाही जातो.

माझं कळकळीचं सांगणं आहे की हे सगळं निघण्याआधी, घरी, कॅलेंडर आणि नकाशा समोर ठेवून ठरवा. तिथे गेल्यावर फक्त हवामान बघून हो-नाही करायचं उरलं पाहिजे.

आधी यादी मागून घ्या, दरासकट

बुकिंगच्या वेळीच प्रत्येक ऑप्शनलचा दर लेखी मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर आला तरी चालेल, पण ‘तिथे गेल्यावर सांगू’ हे उत्तर मान्य करू नका. दर हातात आला की तो कशाकशाचा आहे ते विचारा. प्रवेशशुल्क त्यात आहे का? हॉटेलपासून नेणं-आणणं? जीपचं भाडं माणशी आहे की अख्ख्या जीपचं? बहुतेक सफारी जीपमध्ये सहा जण बसतात. सात जण तयार झाले तर दुसरी जीप लागते, आणि तिचा भार कोणावर पडणार हे आधी ठरलेलं नसेल तर ऐन पहाटे वाद होतो.

किमान किती माणसं लागतात, हेही विचारा. छोट्या ग्रुपमध्ये दोघांनी नाही म्हटलं की सहल रद्द होऊ शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : समुद्र खवळला, बोट सुटलीच नाही, तर पैसे परत मिळणार की दुसरा दिवस? याचं उत्तर लेखी ठेवा.

जे येणार नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. हॉटेल त्याच दिवशी सोडायचं असेल तर मागे राहिलेल्या आजी-आजोबांना खोली किती वाजेपर्यंत मिळणार? की लॉबीत बॅगा घेऊन बसावं लागणार? घरातले ज्येष्ठ बरोबर असतील तर या एका उत्तरावर अख्खा दिवस अवलंबून असतो.

मग कॅलेंडर उघडा

या बेटावर दोन मोसमी पाऊस पडतात, आणि ते वेगवेगळ्या बाजूंना. साधारण मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य वारे पूर्व आणि उत्तर भागात पाऊस आणतात. त्यामुळे ‘श्रीलंकेचा सीझन कोणता?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. तुमच्या सुट्टीत कोणती बाजू उघडी आहे ते बघावं लागतं.

आपल्याकडे शाळांच्या सुट्ट्या मे, दिवाळी आणि नाताळात. मेच्या सुट्टीत गेलात तर मिरिसाची देवमाशांची बोट सोडून द्या. दक्षिणेचा समुद्र त्या सुमारास खवळायला लागतो आणि बऱ्याच बोटी बंद होतात. देवमासे बघायचेच असतील तर पूर्वेचं त्रिंकोमाली हे तेव्हाचं ठिकाण, पण ते तुमच्या कार्यक्रमात असलं तरच. दिवाळीत दोन मोसमांच्या मधला काळ असतो. सकाळ बरी जाते, दुपारनंतर गडगडाट होऊन पाऊस येतो. तेव्हा पहाटेच्या आणि सकाळच्या सहली घ्या, दुपारच्या टाळा. नाताळ ते मार्च हा दक्षिण किनाऱ्याचा उत्तम काळ, मात्र डिसेंबरात बेटाच्या मधल्या भागात, सिगिरियाच्या खडकाकडे, पाऊस असू शकतो. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी काढणाऱ्यांना मिन्नेरियाचे हत्ती मिळतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

कॅलेंडरमध्ये पौर्णिमाही बघा. तिथे प्रत्येक पौर्णिमा म्हणजे ‘पोया’, सार्वजनिक सुट्टीचा दिवस. त्या दिवशी दारू विकत नाहीत आणि मंदिरांत मोठी गर्दी असते. कँडीच्या दंतमंदिरात, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या मंदिरात, शांतपणे दर्शन हवं असेल तर पौर्णिमा टाळा. भाविकांचा उत्साह बघायचा असेल तर मुद्दाम तीच निवडा.

किलोमीटर नका मोजू, तास मोजा

कोलंबो ते सिगिरिया हे अंतर साधारण नाशिक-मुंबईएवढंच, पण गाडीला चार-साडेचार तास सहज लागतात. कँडी ते नुवारा एलिया ऐंशी किलोमीटरच्या आतलं, तरी घाटामुळे अडीच-तीन तास. नकाशावर बेट छोटं दिसतं म्हणून एका दिवसात दोन ऑप्शनल बसतील असं वाटतं. ते बसत नाहीत. ज्या दिवशी चार तासांहून जास्त गाडी आहे, त्या दिवशी एकच जादा गोष्ट घ्या. आणि पहाटे चारला उठवणाऱ्या सहली लागोपाठ दोन दिवस घेऊ नका. दुसऱ्या दिवशी निम्मा ग्रुप गाडीत झोपलेला असतो आणि खिडकीबाहेरचे चहाचे मळे कोणी बघत नाही.

नाशिककरांसाठी खास : रामायणातली ठिकाणं

पंचवटीत, सीतागुंफेशेजारी वाढलेल्या माणसांना सीतामाईचं हरण जिथून झालं ती जागा रोजच्या रस्त्यावरची. तिला जिथे ठेवलं असं मानतात ती जागा बघायची ओढ इथल्या प्रत्येक ग्रुपमध्ये असते आणि ती खरी असते. म्हणूनच हा भाग नीट समजून घ्या.

‘रामायण टूर’ म्हणून अर्ध्या दिवसाचे वेगळे पैसे लावलेले दिसले तर आधी मार्ग बघा. नुवारा एलियाहून एल्लाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावापासून थोड्याच अंतरावर सीता एलिया येतं. तिथलं सीता अम्मन मंदिर रस्त्याला लागूनच आहे. मंदिर लहान, दाक्षिणात्य धाटणीचं, रंगीत शिखराचं. पाठीमागून ओढा वाहतो आणि ओढ्याकाठच्या खडकावरचे खळगे हनुमंताची पावलं म्हणून दाखवतात. अर्धा-पाऊण तास पुरतो. थोडं पुढे हकगला बाग आहे, तिलाच अशोकवन मानतात. त्याच दिशेला, वेलिमडाच्या बाजूला दिवुरुम्पोला आहे. सीतेने अग्निपरीक्षा दिली ती जागा म्हणून हे बौद्ध विहाराचं आवार प्रसिद्ध आहे. एल्लाहून दक्षिणेला उतरताना रावण धबधबा तर अगदी रस्त्यावरच लागतो. म्हणजे गाडी जर रस्त्याने नुवारा एलिया ते एल्ला आणि पुढे खाली जाणारच असेल, तर या ठिकाणांसाठी वेगळी सहल कशाला? लीडरला आधीच सांगून थांबे मागून घ्या. दिवुरुम्पोलासाठी थोडा वळसा पडतो, त्याचे पैसे मागितले तर ते रास्त आहेत.

इथे एक पेच आहे. याच दिवसाची दुसरी लोकप्रिय ऑप्शनल म्हणजे नुवारा एलियाजवळच्या नानू ओया स्टेशनपासून एल्लापर्यंतची रेल्वे. तुम्ही रेल्वेने गेलात की गाडी बॅगा घेऊन रिकामी जाते, आणि सीता अम्मन मंदिर रस्त्यावर राहतं. दोन्ही हवं असेल तर मंदिर आदल्या संध्याकाळी, नुवारा एलियाला पोचल्यावर करा. ही मागणी नाशिकमधूनच नोंदवा, कारण त्या दिवशी कँडीहून निघायची वेळ तासभर आधीची ठेवावी लागते.

आपल्याकडची बरीच ज्येष्ठ मंडळी रामकुंडाचं पाणी तिथे वाहायला नेतात. ते लहान बाटलीत, झाकण टेपने पक्कं बंद करून, पिशवीत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा. हातातल्या बॅगेत ठेवलं तर सुरक्षा तपासणीत काढून घेण्याचा धोका आहे.

रेल्वे

कँडीपासून एल्लापर्यंत पूर्ण गेलं तर सहा-सात तास लागतात, आणि गाडी उशिरा येणं नेहमीचंच. पहिल्यांदा जाणाऱ्यांना नानू ओया ते एल्ला हा अडीच-तीन तासांचा टप्पा पुरे. चहाचे मळे, बोगदे, ढगात बुडालेली छोटी स्टेशनं यांतला बराचसा आनंद त्यातच मिळतो. आरक्षण सुमारे महिनाभर आधी उघडतं आणि झपाट्याने भरतं, म्हणून ही ऑप्शनल ‘तिथे बघू’ म्हणून चालत नाही. ज्याला आरक्षण नाही त्याला गर्दीत उभं राहावं लागतं. दारात लटकून फोटो काढणारे दिसतील, मुलांना त्यांच्या नादी लागू देऊ नका. बोगद्याची भिंत डब्यापासून फार दूर नसते. मोठ्या पावसात डोंगरात दरडी कोसळल्या की मार्ग बंद राहतो, तेव्हा निघण्यापूर्वी आठवडाभर आधी चौकशी करा.

एल्लाचा नऊ कमानींचा पूल १९२१ मध्ये विटा, दगड आणि सिमेंटमध्ये, पोलादाशिवाय बांधला गेला. तो बघायला वेगळे पैसे मोजायची गरज नाही. रिक्षाने किंवा पायी जाता येतं.

हत्ती आणि बिबटे

सफारी एकच घ्या, पण योग्य ती घ्या. जुलै ते ऑक्टोबर मिन्नेरिया. तिसऱ्या शतकात राजा महासेनाने बांधलेल्या या तलावाचं पाणी या कोरड्या महिन्यांत मागे सरतं, उघड्या पडलेल्या पात्रात कोवळं गवत उगवतं आणि त्यावर आजूबाजूच्या जंगलांतले कळप उतरतात. चांगल्या वर्षी एका वेळी दोनशेच्या वर हत्ती दिसतात. दुपारी तीननंतर, ऊन कलल्यावर जा. तलाव भरलेला असेल तर गवत पाण्याखाली जातं आणि कळप शेजारच्या कौडुल्लाकडे वळतात. म्हणून ‘आज हत्ती कुठे आहेत?’ हा प्रश्न त्याच सकाळी जीपवाल्याला विचारायचा, आणि त्याने उद्यान बदललं तर दरात काही फरक आहे का तेही.

बाकी महिन्यांत हत्तींसाठी उदावालावे. तिथे वर्षभर हत्ती दिसतात, उघडं माळरान असल्यामुळे लांबूनही दिसतात, आणि लहान मुलांना कंटाळा येत नाही. बिबट्याची आस असेल तर ‘याला’ नावाचं राष्ट्रीय उद्यान. पण त्याचा मुख्य भाग साधारण १ सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात, तेव्हा दिवाळी लवकर असेल त्या वर्षी तारीख तपासा. पहाटे साडेचार-पाचला हॉटेलमधून निघून सहाला दार उघडताना तिथे असावं लागतं. बिबट्या दिसेलच अशी हमी कोणी देत असेल तर त्याच्याबरोबर जाऊ नका. ‘बिबट्या दिसला’ असा फोन आला की अनेक जीपा एकाच झाडाखाली घुसतात. आपल्या चालकाला आधीच सांगा, आम्हाला घाई नाही, गर्दीत शिरू नका. त्यांना असं सांगणारे पर्यटक हवेच असतात.

हत्तीवर बसायची सहल यादीत असेल तर ती घेऊ नका. पाठीवर लोखंडी चौकट आणि माणसं घेऊन डांबरी रस्त्यावर दिवसभर चालणं हे त्या प्राण्याचे हाल आहेत. हत्ती जवळून बघायचे असतील तर उदावालावेचं हत्ती संक्रमण केंद्र बघा. १९९५ पासून तिथे अनाथ पिल्लं सांभाळून पुन्हा जंगलात सोडतात. ठरलेल्या वेळी दूध पाजतात आणि आपण कठड्यामागून बघायचं असतं, हात लावायचा नसतो. दार उघडल्यावर ती पिल्लं ज्या घाईने नळ्यांकडे धावतात, ते बघताना मुलं फोनसुद्धा विसरतात. समुद्रकिनाऱ्यावरच्या कासव केंद्रांमध्येही हाच नियम लावा. जिथे पिल्लू हातात देऊन फोटो काढतात ते केंद्र टाळा.

देवमाशांची बोट

नोव्हेंबर ते एप्रिल, मिरिसा. बेटाच्या दक्षिणेला खोल समुद्र किनाऱ्याच्या बराच जवळ येतो, म्हणून सकाळच्या एका फेरीत निळा देवमासा, म्हणजे पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी, दिसू शकतो. बोटी सहा-साडेसहाला सुटतात आणि तीन ते पाच तास बाहेर राहतात. हा वेळ ऐकून मगच हो म्हणा, कारण बोट मध्येच परत फिरत नाही.

बोट लागण्याचा त्रास घाट लागणाऱ्यांना हमखास होतो. कसारा घाटात ज्यांना खिडकीपाशी बसावं लागतं, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर न्यावी आणि ती बोटीत चढण्याआधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. पोट अगदी रिकामं नको आणि भरलेलंही नको, दोन बिस्किटं आणि केळं पुरे. वरच्या मजल्यावर दृश्य चांगलं पण हेलकावे जास्त. त्रास होणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला बसावं, क्षितिजाकडे बघत राहावं, फोनमध्ये डोकं घालू नये. लाइफ जॅकेट अंगात आणि पट्टे लावलेले, लहान मुलाला त्याच्या मापाचं. ते नसेल तर सरळ उतरा. देवमाशाच्या पाठलागासाठी चालकाला चिथवू नका. अंतर राखणारी बोट निवडली तर तो शांतपणे वर येतो, पाण्याचा फवारा सोडतो आणि शेपूट वर करून बुडी मारतो.

चढायच्या सहली

सिगिरिया बहुतेक पॅकेजमध्ये असतंच. पाचव्या शतकात राजा कश्यपाने खडकाच्या माथ्यावर वसवलेली ही राजधानी, वर जायला सुमारे बाराशे पायऱ्या. सप्तशृंगीच्या पायऱ्या ज्यांना अलीकडे जमलेल्या नाहीत त्यांनी खालच्या बागा आणि संग्रहालय बघावं, तेही सुंदर आहे. सकाळी दार उघडताच चढायला लागा. भित्तिचित्रांचे फोटो काढायला बंदी आहे. समोरचा पिदुरंगला खडक ही ऑप्शनल घेतलीत तर शेवटी मोठमोठ्या धोंड्यांवरून हात टेकत चढावं लागतं. ब्रह्मगिरी, हरिहर करणाऱ्यांना त्यात काही विशेष नाही, साडी नेसलेल्या काकूंना मात्र तो आग्रह करू नका.

हॉर्टन प्लेन्ससाठी नुवारा एलियाहून पहाटे पाचला निघावं लागतं. नऊ-दहाच्या सुमारास धुकं चढलं की ‘वर्ल्ड्स एंड’चा कडा दिसेनासा होतो. नऊ किलोमीटरची फेरी, स्वेटर हवाच. दारावर प्लास्टिकच्या पिशव्या काढून घेतात, तेव्हा खाऊ डब्यात न्या. श्रीपाद शिखर, म्हणजेच अ‍ॅडम्स पीक, २,२४३ मीटर. त्याचा यात्राकाळ डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या पौर्णिमेपर्यंत. मध्यरात्रीनंतर हजारो पायऱ्या चढायच्या असतात, आणि पुढचा दिवस मोकळा नसेल तर ही सहल घेऊ नये. ‘सिंहराजा’ नावाच्या वर्षावनात जाणार असाल तर जळवांसाठी लांब मोजे न्या.

मसाल्याची बाग, रत्नांचं दुकान, बाटिकचं दालन : हे थांबे फुकट असतात, वेळ मात्र खातात. खरेदीवर कमिशन चालतं. मसाल्याच्या बागेत तेलाची बाटली घ्यायचा आग्रह झाला तर हसून नको म्हणा. चहाचा कारखाना मात्र चुकवू नका.

पैसे, कागद, खाणं

पासपोर्ट सहलीच्या दिवशी बरोबर असू द्या. सार्क देशांच्या नागरिकांना सिगिरियासारख्या अनेक ठिकाणी इतर परदेशी पर्यटकांपेक्षा कमी दर लागतो, आणि तो पासपोर्ट दाखवल्यावरच मिळतो. टूरवाल्याने ऑप्शनलचा दर कोणत्या तिकिटावर धरला आहे ते विचारा. प्रवासाची ईटीए परवानगी सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या, हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे घेतात. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे क्यूआर स्कॅन करून यूपीआयने पैसे देता येतात, पण जीपवाला, बोटवाला आणि बक्षिशी यांसाठी श्रीलंकन रुपये सुट्टे ठेवा. राफ्टिंग किंवा डायव्हिंग घेणार असाल तर प्रवासविम्यात साहसी खेळ धरले आहेत का ते पॉलिसीत बघा. बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात.

शाकाहारी आणि जैन मंडळींनी एक शब्द पाठ करावा : उंबलकड. ही सुक्या माशाची भुकटी. नारळाच्या चटणीत, कधी भाजीतही घातलेली असते, आणि वाढणारा ती ‘मासा’ म्हणून धरतच नाही. “उंबलकड आहे का?” असंच विचारा. पहाटेच्या सहलींना हॉटेल नाश्त्याचा डबा देतं, त्यात अंड्याचं सँडविच हमखास. शाकाहारी डबा हवा तर आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर सांगा, आणि तरीही दोन दशम्या आणि चिवडा जवळ असू द्या.

मंदिरांसाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, चपला-टोप्या बाहेर. दुपारी दगडी फरशी इतकी तापते की पाय ठेववत नाही, जुने मोजे पिशवीत टाका. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजतात. सेल्फी घेणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

शेवटच्या दिवशी विमान रात्रीचं असेल तर ‘कोलंबो सिटी टूर’ ही ऑप्शनल पुढे येते. घ्यायला हरकत नाही, पण बॅगा गाडीत कुलूपबंद राहणार का आणि गाडीपाशी कोण थांबणार, हे विचारून घ्या. विमानतळ शहरात नाही, तीसएक किलोमीटर उत्तरेला कटुनायकेला आहे, आणि संध्याकाळी शहरातून बाहेर पडायलाच वेळ लागतो. तीन तास आधी पोचायचं गणित मांडा. वेळ कमी पडत असेल तर पेट्टाचा बाजार सोडा, गंगारामय मंदिर आणि गॉल फेसचा किनारा एवढंच करा.